चॅटबॉटच्या काळात प्रकल्पाचे गुण कशाचे द्यायचे?

गोदाकाठ

मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. यंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'रोजगार हमी आणि माझं गाव' असा प्रकल्प दिला होता. कामावर गेलेल्या चार माणसांशी बोलायचं, ग्रामपंचायतीतून कामांची माहिती काढायची आणि दहा-बारा पानं लिहायची, एवढंच काम.

प्रकल्प आले. शुद्धलेखन चोख, परिच्छेद एकसारखे, शेवटी 'निष्कर्ष' आणि 'शिफारशी'. जवळजवळ सगळ्यांत २००५ चा केंद्राचा कायदा आणि शंभर दिवसांची हमी. राज्याच्या रोजगार हमीचे जनक वि. स. पाग्यांचं नाव नाही. १९७२ चा दुष्काळ नाही. महाराष्ट्रानं हा कायदा १९७७ सालीच केला होता, त्याचा पत्ता नाही. ज्या पाझर तलावावर या मुलांच्या आज्यांनी खडी फोडली, तो तलाव कॉलेजच्या रस्त्यावरून दिसतो. तोही कुणाच्या पानावर आला नाही. चॅटबॉटकडून लिहून घेतलं हे वेगळं सांगायला नको.

पण त्याच वर्गातली एक मुलगी आहे, वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं तिनं. ती परवा तास संपल्यावर थांबली आणि विचारलं, "मॅडम, हमीच्या कामाचा दर सरकार ठरवतं, मग शेतावरच्या मजुरीवर त्याचा परिणाम होतो का? मालक दर वाढवतात की माणसं कमी लावतात?" हा पदव्युत्तर वर्गातला प्रश्न आहे. हे कुठून सुचलं म्हटलं, तर रात्री मोबाईलवर चॅटबॉटशी मराठीत बोलत बसते म्हणाली. घरात विचारायला कुणी नाही आणि वर्गात लाज वाटते.

म्हणून बंदी घालायला हात धजत नाही, आणि आहे तसं चालू द्यायलाही मन तयार नाही. पुढच्या सत्रात प्रकल्प द्यायचाच आहे. गुण कशाचे देऊ? इतर शाखांतल्यांचे अनुभव हवे आहेत.

वाफाळता चहा

मी पयला! वाचतोय. आमच्या वेळी सीनियरचं जर्नल उतरवून घ्यायचं तर त्याला दोन वडापाव चारावे लागायचे. या पोरांचा तेवढा खर्च वाचला.

कडकलक्ष्मी

ताई, सोपं आहे. प्रकल्प वर्गात बसवून, हातानं लिहून घ्या. फोन टेबलावर जमा. तीन तास द्या. ज्याला येतं तो लिहील, ज्याला येत नाही त्याचं कळेल. मी बी.कॉम.ला गेल्या वर्षापासून असंच करते. पहिल्या वेळी कुरकुर झाली, आता सवय झाली. उगाच 'तंत्रज्ञानाशी मैत्री' वगैरे भाषणं ऐकून आपण आपलं काम अवघड करून घेतोय.

दप्तर

मी गणिताचा निवृत्त प्राध्यापक. या विषयावर जे वाचलं त्यातलं एक इथे सांगण्यासारखं आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांवर प्रयोग केला. विषय गणित. एका गटाला नेहमीसारखा चॅटबॉट दिला, विचारलं की उत्तर देणारा. दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीनं घडवलेला, फक्त इशारे देणारा. तिसऱ्याला काहीच नाही. सरावाच्या वेळी पहिल्या गटानं तिसऱ्यापेक्षा ४८ टक्के जास्त कामगिरी केली, दुसऱ्यानं १२७ टक्के. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. उत्तर देणारा चॅटबॉट वापरलेली मुलं, तो कधीच न वापरलेल्यांच्या १७ टक्के मागे पडली. इशाऱ्यांच्या गटाचं असं नुकसान जवळपास झालं नाही, पण परीक्षेत फायदाही दिसला नाही.

आम्ही गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. डब्यानं भीती जायची, हातपाय मात्र आपले आपणच मारावे लागायचे. आणि चार दिवसांनी काका डबा सोडायला लावायचे. हातपाय न मारता नुसतं तरंगायला मिळालं असतं तर आम्ही कुणीच शिकलो नसतो. गोदाकाठ, तुमच्या त्या मुलीनं हातपाय मारले. बाकीचे तरंगले. हत्यार दोघांकडे एकच होतं.

केटीमुक्त

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्याची बाजू मांडतो.

रात्री दोन वाजता होस्टेलवर प्रोग्राम अडकतो. एरर काय म्हणतोय ते कळत नाही. पूर्वी सकाळपर्यंत थांबायचं किंवा रूमवरच्या हुशार मुलाला उठवायचं. आता चॅटबॉट सांगतो की अमुक ओळीत तू रिकाम्या यादीतून पहिला घटक काढायला गेलास. यात माझं शिकणं कमी झालं असं मला अजिबात वाटत नाही. आठवी ते दहावी मी मराठी माध्यमात होतो. पहिल्या वर्षाची इंग्रजी पुस्तकं मला चॅटबॉटमुळे उलगडली. तो परिच्छेद टाकायचा, मराठीत समजावून मागायचा, मग परत इंग्रजी वाचायचं.

पण आमच्याकडे असेही आहेत जे अख्खी असाइनमेंट टाकतात आणि जे येईल ते चिकटवतात. प्रॅक्टिकलला लॅबमध्ये इंटरनेट बंद असतं आणि एक्सटर्नल विचारतात, "हा लूप इथं का लावला?" तिथं शांतता. सबमिशनला पैकीच्या पैकी आणि ओरलला गप्प, अशी मुलं आता बरीच दिसतात.

दप्तर सर, तुम्ही म्हणता तसा इशारे देणारा पर्याय आता आयता मिळतो. चॅटजीपीटीनं जुलै २०२५ मध्ये स्टडी मोड आणला, तो उलट प्रश्न विचारत नेतो. फक्त तो एका टिचकीत बंद करता येतो. उद्या सबमिशन असेल तर कोण चालू ठेवणार?

शब्दस्पर्श

कडकलक्ष्मी यांच्या सूचनेवर बोलायचं आहे.

मी पूर्ण अंध आहे, एम.ए.चा विद्यार्थी. स्क्रीन रीडरवर वाचतो, की-बोर्डवर लिहितो. आमच्या पुस्तकांच्या पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा पानांचे फोटो. त्यातला आलेख, नकाशा, तक्ता माझ्यासाठी नसल्यासारखाच होता. बी.ए.ची तीन वर्षं मी आलेखांचे प्रश्न सोडूनच दिले. आता चित्र टाकलं की चॅटबॉट अक्ष कोणते, रेघ कुठे चढते, कुठे उतरते ते सांगतो. 'बी माय आईज' ॲपमध्ये ही सोय २०२३ पासून आली. आकडे कधी कधी चुकीचे वाचतो, म्हणून मी मित्राकडून पडताळून घेतो. पण मित्राला अख्खं पुस्तक वाचायला लावणं आणि दोन आकडे तपासायला सांगणं यात किती फरक आहे, हे ज्याला मागावं लागतं त्यालाच कळतं.

"हातानं लिहून घ्या, फोन जमा करा" हा नियम झाला की मी वर्गाबाहेर. कुणी मुद्दाम काढत नाही, पण मी बाहेर पडतो.

कडकलक्ष्मी

शब्दस्पर्श, तुमचा मुद्दा रास्त आहे. तुम्हाला लेखनिक आणि लॅपटॉप, दोन्हींची मुभा हवीच, त्यात वादच नाही. पण एका विद्यार्थ्याच्या गरजेसाठी शंभर जणांना मोकळं रान द्यावं हे मला पटत नाही.

शब्दस्पर्श

मोकळं रान मी मागत नाहीये. नियम करताना आधी आम्ही आठवावं, मागाहून अर्ज करून, सही-शिक्का आणून सवलत मिळवावी लागू नये, एवढंच.

ओवीबद्ध

शब्दस्पर्श +१.

मी मराठीत पीएच.डी. करतेय, महानुभाव गद्यावर. आमच्याकडचा धोका वेगळा आहे. मी संदर्भ विचारले तर चॅटबॉटनं एका खऱ्या संशोधन पत्रिकेतला, खऱ्या अभ्यासकाच्या नावावरचा, खंड-अंकासहित लेख दिला. ग्रंथालयात जाऊन तो अंक काढला. त्यात असला लेखच नाही. इंग्रजीतल्या विषयांवर हे आता कमी होत असेल, पण जुनी मराठी नियतकालिकं संगणकावर फारशी आलेलीच नाहीत. जे त्याच्या वाचनात नाही, त्याच्याबद्दलही तो तितक्याच ठामपणे बोलतो.

यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम आधीच्या लेखनाशी असलेल्या साम्याची टक्केवारी मोजतात. १० टक्क्यांपर्यंत माफ, पुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. चॅटबॉटनं नव्यानं जुळवलेलं वाक्य कशाशीच जुळत नाही, त्यामुळे तो अहवाल स्वच्छ येतो. खोटा संदर्भ असलेला प्रबंधही त्या चाळणीतून बिनबोभाट खाली उतरेल. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असे प्रबंध चढले की पुढचा विद्यार्थी तेच संदर्भ उचलणार, याची मला खरी काळजी वाटते.

दूरदेशी

मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात शिकवतो. गोदाकाठ, एक कळकळीची विनंती. 'हा मजकूर एआयनं लिहिला आहे' असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर कुणाचंही भवितव्य ठरवू नका.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअर तपासली. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांच्या बाबतीत मात्र चूक फारशी झाली नाही. कारण उघड आहे: परकी भाषा जपून लिहिणारा माणूस साधे शब्द, सरळ वाक्यं वापरतो आणि सॉफ्टवेअरला तेच यंत्राचं लक्षण वाटतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं ओळखयंत्र काढलं होतं, ते अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतलं. व्हँडरबिल्ट विद्यापीठानंही त्याच वर्षी टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ही सोय बंद केली.

इंग्रजीत पेपर लिहिणारी आपली मुलं नेमकी त्या ६१ टक्क्यांच्या जागी उभी आहेत.

वकीलवाडा

दूरदेशी यांना अनुमोदन. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठातला एलएल.एम.चा विद्यार्थी उच्च न्यायालयात गेला होता. त्याचं उत्तर ८८ टक्के एआयचं आहे म्हणून त्याला नापास केलं होतं. विद्यापीठानंच नंतर त्याला उत्तीर्ण केलं, त्यामुळे याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या बाजूनं, ओवीबद्ध म्हणतात ते खोटे संदर्भ आमच्या व्यवसायात कुठवर जातात ते पाहा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. मी विधीच्या मुलांना पहिल्याच तासाला हे प्रकरण वाचायला देते आणि सांगते, निवाडा मूळ संकेतस्थळावर उघडून पाहिल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही.

वाफाळता चहा

थोडं अवांतर. २०२५ मध्ये सगळ्यांनी फुकटची दुकानं उघडली. जुलैत गूगलनं विद्यार्थ्यांना जेमिनीचा महागडा प्लॅन वर्षभर मोफत दिला, मग जिओनं सिमबरोबर दिला, नोव्हेंबरात चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत. वर्ष संपल्यावर? पुण्यातल्या माझ्या पुतण्याचे आईबाप पैसे भरतील. गोदाकाठच्या वर्गातली ती मुलगी काय करणार? मला तर वाटतं विद्यापीठांनी स्वतःसाठी एक सोय उभी करावी, आपल्या अभ्यासक्रमावर चालणारी, सगळ्यांना सारखी.

दप्तर

चहा, हे नवीन नाही. जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अशोक गोयल यांनी २०१६ मध्येच 'जिल वॉटसन' नावाची मदतनीस बनवली होती. ऑनलाइन कोर्सच्या चर्चेत मुलांच्या शंकांना ती उत्तरं द्यायची, आणि सत्र संपत येईपर्यंत मुलांना ती यंत्र आहे हे सांगितलं नव्हतं. तिला त्या कोर्सच्या जुन्या प्रश्नोत्तरांवर तयार केलं होतं.

हार्वर्डमध्येही २०२३ च्या सत्रात पदार्थविज्ञानाच्या वर्गात प्रयोग झाला. शिक्षकांनी पायरीपायरीनं उत्तरं आधी भरून ठेवलेल्या एआय शिकवणीवर मुलं कमी वेळात जास्त शिकली. तुलना रटाळ व्याख्यानाशी नव्हती, चांगल्या चर्चात्मक वर्गाशी होती. पण दोन्हीकडे यंत्रामागे मन लावून तयारी केलेला शिक्षक होता, हे विसरू नका.

तासिका

दप्तर सर, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलो.

मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. दोन कॉलेजं, सकाळी एक, दुपारी दुसरं, मध्ये एसटी. तासाचे पैसे मिळतात, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. प्रकल्प तपासायचे वेगळे पैसे नाहीत. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत आणि त्या जागांचं काम आमच्यासारखे करतात.

केटीमुक्तनं लिहिलंय तसं, खरं काय ते ओरलला कळतं. बरोबरच आहे. माझाही त्यावरच विश्वास आहे. पण हिशोब करा. माझ्याकडे एका वर्गात १२० मुलं आहेत. प्रत्येकाला १० मिनिटं म्हणजे २० तास. असे तीन वर्ग. ते ६० तास मला कोण देणार? मुलाशी समोरासमोर बसून बोलायला वेळ असलेला शिक्षक असता, तर चॅटबॉटनं लिहिलेले प्रकल्प हा प्रश्न एवढा मोठा झालाच नसता. चार वाक्यांत कळतं कुणी काय केलंय.

सर, तुमच्या गोष्टीत डबा सोडायला सांगणारे काका विहिरीच्या काठावर उभे होते. आमच्याकडे काठावर कुणी उभं राहू शकेल अशी व्यवस्थाच नाही. आणि ती मुलगी रात्री यंत्राशी बोलते याचं मला कौतुक वाटतं, तसंच वाईटही वाटतं. तिनं ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस त्या वेळी पुढच्या कॉलेजच्या एसटीत असतो.

ओवीबद्ध

तासिका, वाचून गलबललं. हे धाग्यात सगळ्यात वर असायला हवं.

कडकलक्ष्मी

तासिका सरांशी पूर्ण सहमत. आणि म्हणूनच मी वर्गात लिहून घेते. १२० मुलांचं तीन तासांत होतं. आदर्श नसेल, पण जमतं.

केटीमुक्त

मॅडम, वर्गात लिहून घेतलं तर पाठांतर तपासलं जाईल. गोदाकाठ मॅडमचा प्रकल्प गावात जाऊन करायचा आहे. तो तीन तासांत वर्गात कसा होणार?

वकीलवाडा

गोदाकाठ, एक गोष्ट राहून जायला नको. मुलांनी गावातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या की त्यात नावं, जॉब कार्डाचे क्रमांक, मोबाईल, कधी आधारही येतं. ती वही फोटो काढून चॅटबॉटला 'याचा सारांश दे' म्हणून देतात. ज्या बाईनं विश्वासानं सांगितलं तिची संमती कुणी घेतली? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी हे शिकवायलाच हवं. नावं काढून मगच काय ते टाका.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलवाडा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, सूचनापत्रात पहिल्या क्रमांकावर घालते.

पुढच्या सत्रासाठी असं ठरवतेय, बघा पटतंय का. प्रकल्प एकूण २० गुणांचा. लेखी अहवालाला फक्त ५. चॅटबॉट वापरला तर वापरा, पण काय विचारलं, काय घेतलं आणि त्यातलं काय चुकीचं निघालं ते एका पानात लिहायचं. क्षेत्रकामाच्या नोंदींना ७. कच्च्या, खाडाखोडीच्या नोंदी चालतील. हमीच्या कामांचे हजेरीपट सरकारी संकेतस्थळावर खुले असतात, त्यातलं एक काम निवडायचं, ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि कागदाशी जुळतं का ते लिहायचं. शिवाय १९७२ आठवणाऱ्या एका माणसाशी बोलायचंच. दुष्काळात सुकडीचा पूरक आहार कसा वाटायचे, परदेशातून आलेली मिलो ज्वारी कशी लागायची, हे कुठल्याही यंत्राला त्या गावापुरतं माहीत नाही. उरलेले ८ तोंडीला.

तासिका सर, तुमचा हिशोब खरा आहे. माझा वर्ग साठाचा आहे म्हणून मी हे म्हणू शकते. तरी चार-चारच्या गटांत, प्रत्येक गटाला २० मिनिटं, असं पाच तासांत बसवायचा विचार आहे. आपल्या नोंदींवर दुसऱ्यानं प्रश्न विचारायचे, मी ऐकायचं. १२० च्या वर्गाला यानंही दहा तास लागतील आणि ते तुम्हाला पगारी मिळायला हवेत, यासाठी मी आमच्या अभ्यासमंडळात अर्ज देतेय. तोंडी परीक्षेचे तास तासिकेत धरावेत, एवढीच मागणी.

शब्दस्पर्श, नोंदी आवाजात ध्वनिमुद्रित करून दिल्या तरी चालतील, ही मुभा सगळ्यांनाच ठेवते, वेगळा अर्ज नको. चालेल?

शब्दस्पर्श

चालेल काय, उत्तम! सूचनापत्र फोटोची पीडीएफ न करता टाईप केलेलं द्या, म्हणजे माझ्यासारख्यांना वाचता येईल.

तासिका

ताई, अर्जाचा मसुदा इथे टाका. आमच्या जिल्ह्यातल्या सीएचबीवाल्यांच्या सह्या मी गोळा करतो.

कडकलक्ष्मी

चॅटबॉटनं काय चुकीचं सांगितलं ते लिहायचं, हे मला आवडलं. पण तेही चॅटबॉटकडूनच लिहून आणतील त्याचं काय?

गोदाकाठ

आणतील काही जण. म्हणून तोंडीला पहिला प्रश्न त्याच पानावर विचारणार आहे. तासिका सर, मसुदा रविवारी टाकते.